माझ्याखाली फळी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे, आणि माझ्यावर एका माणसाचा पाय घेतल्याचा आळ आहे. पनवेलजवळच्या कोन गावात कुणालाही विचारा, ते माझंच नाव घेतील. दयाराम घरतांच्या ओटीवर बाकाखाली मला टाकून दिलंय आणि येणारा-जाणारा वाकून बघतो, "हाच का तो?" म्हणतो. ऐकून ऐकून माझे कान किटले. आज तुम्हाला सगळं सांगून टाकतो.

दिसायला मी जाड बाटलीसारखा आहे. पोटात तेल आणि डोक्यातून वर सरकणारा लोखंडी खांब. बाजूचा दांडा खालीवर केला की मी अख्खा ट्रॅक्टर उचलतो. कारखान्यातून निघालो तेव्हा मी तांबडा भडक होतो. पनवेलच्या एका दुकानातून दयारामदादांनी मला आणलं, ते त्यांच्या निळ्या ट्रॅक्टरसाठी. तो ट्रॅक्टर माझ्यापेक्षाही म्हातारा आहे.

त्या काळी आमच्याकडे भाताची शेती होती. चिखलणीच्या दिवसांत सगळं रान गुडघाभर चिखलाचं असायचं. चाक बसलं की दादा ट्रॅक्टर कसाबसा बांधाकडे आणायचे. आधी बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. मग करंजा बंदरातल्या, मोडीत निघालेल्या होडीची एक रुंद फळी अंथरायचे आणि मला तिच्यावर बसवायचे. माझा तळ केवढा, तळहाताएवढा! तेवढ्यावर सगळा भार आला तर ओल्या मातीत मी खुंटीसारखा घुसणारच. फळी तो भार पसरून द्यायची. चाक वर आलं की दादा ॲक्सलखाली लाकडी ठोकळे रचायचे, आणि मगच हात आत घालायचे. "जॅकच्या भरवशावर कोन आत जातो?" असं ते मला ऐकवूनच म्हणायचे. मला राग यायचा, पण म्हणणं खरं होतं.

खंडेनवमीला दादांच्या पत्नी शांतीकाकू मला हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल वाहायच्या. शेजारीपाजारी मला उसना न्यायचे आणि कौतुक करत परत आणायचे. फळीला मात्र कुणी कधी कुंकू लावलं नाही. मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पुढे शेती गेली आणि गोदामं आली. दादांचा मुलगा कल्पेश डंपर घेऊन भरावाच्या धंद्यात उतरला. आम्ही गंजत बसलो. घरामागचं उरलेलं वावर कल्पेशने भरून काढलं. ट्रॅक्टरच्या उघड्या हत्यारपेटीतून मी ते सगळं पाहत होतो. कुठल्याशा इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातून काढलेला काळा गाळ त्याने आधी ओतला. तो सुकायचीही वाट पाहिली नाही. वर मुरमाचा थर टाकला आणि रोलर फिरवला. दिसायला एकदम झकास! दादा तर येईल त्याला हाताला धरून दाखवायला न्यायचे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दादांनी ट्रॅक्टर त्या भरावावर आणून पाइप लावून धुतला. पाणी तिथेच मुरलं. मागच्या एका चाकाचा टायर फाटला होता, तो बदलायचा होता. तेवढ्यात गावातले कमलाकर आले. त्यांना घर बांधायला आपली जागा भरून हवी होती. काम कल्पेशलाच द्यावं असं त्यांच्या मनात होतं.

दादांनी बाकीच्या चाकांना विटा लावल्या. कल्पेश पडवीकडे निघाला.

"कुटं चाल्लास?"

"फळी आनतो, बाबा."

"कशाला रं फळी? माज्या पोराचा भराव हाय!" दादा कमलाकरांकडे बघून हसले. "यावरून डंपर फिरतात!"

कल्पेश जागीच थबकला. "पन बाबा..." एवढंच तो बोलला. त्याने कमलाकरांकडे पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं. मित्रांनो, ते मी जवळून पाहिलं. अरे बोल ना, एकदाचं बोल, असं मला झालं होतं.

मला उघड्या मुरमावर टेकवलं. दांडा हलू लागला तशी माझ्याखालची जमीन दबू लागली. गप्पांच्या नादात ठोकळे लावायचेही राहिले. चाक निघालं. एक नट घरंगळत ॲक्सलखाली गेला. दादा खाली बसले आणि पाय आत सरकवून नट ओढू लागले.

माझी एक कड खचली. मी कललो, आणि ॲक्सल माझ्या डोक्यावरून घसरलं.

दादांची ती किंकाळी मला अजून ऐकू येते. कल्पेश वेड्यासारखा ट्रॅक्टर उचलायला गेला, कमलाकर माणसं बोलवायला गावात धावले. एकट्याला कुठे उचलणार! मला पुन्हा लावावं, तर मी गळ्यापर्यंत गाळात रुतलो होतो. शांतीकाकू घरातून खुरपं घेऊन धावत आल्या.

"गाडी सोड! पायाखालची माती काड!" त्या ओरडल्या. मुरूम खुरप्याने फोडून त्यांनी हातांनी उकरायला सुरुवात केली. खालून काळा गाळ ओंजळी-ओंजळीने निघाला. तेव्हा कुठे पाय सुटला. दादांचा जीव वाचला, पाय मात्र डॉक्टरांना मांडीपासून कापावा लागला.

"जॅक सटकला. जुना होता," कल्पेशने सगळ्यांना सांगितलं. झालं! सगळं खापर माझ्यावर.

दादा घरी आले. त्यांची खाट ओटीवर टाकली. एका संध्याकाळी कमलाकर भेटायला आले.

"दादा, खरं सांगा. भराव तर नाय ना खचला?"

कल्पेश दारातच उभा होता. दादांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो मान वर करीना.

"नाय रं," दादा म्हणाले. "जॅकच जुना. नवा घेतला नाय, ही माजी चूक."

कमलाकरांचा जीव भांड्यात पडला. "मंग कल्पेश, आमचं काम चालू कर. दिवाळीनंतर घराचा पाया घेऊ."

"करतो, काका," कल्पेश म्हणाला.

शांतीकाकू आतून आल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

"भावजी, त्याच्या भरावावर घर नका बांदू. मी उकरलंय या हातांनी. वर वीतभर मुरूम, खाली निस्ता गाळ."

"आये!" कल्पेश ओरडला.

"गप! बापाचा पाय गेला, तरी तुज्यासाटी ते खोटं बोल्ले. आता भावजींची पोरं पन घालू का त्या गाळात?"

दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पांघरुणाखाली त्यांचे खांदे हलत होते. कमलाकर चहा न घेताच उठले. कल्पेश त्या दिवसापासून आईशी बोलत नाही. जेवतो, डंपर काढतो आणि जातो. शांतीकाकू त्याचं ताट रोज वाढतात.

मित्रांनो, जड वस्तू उचलाल तेव्हा जमीन कितीही टणक दिसो, जॅकखाली जाड फळी घ्या. चाकांना अडसर लावा. ॲक्सलखाली ठोकळे बसेपर्यंत हातपाय आत घालू नका. माझ्यासारख्या जुन्या लोखंडाची एवढीच विनवणी आहे. आणि खाली गाळ आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर समोर कुणीही उभं असो, ते तिथेच सांगा. मला बोलता येत नव्हतं, कल्पेशला येत होतं.