तिसऱ्या गाण्यातला तो आवाज माझा

कुईईई! दचकू नका हो, मीच बोलतेय. वेताची खुर्ची. एरवी कोणी हलल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, पण आता राहवत नाहीये. बांडुंग शहरातल्या झाडून सगळ्या शहाण्यांचं माझ्यावर लिहून झालं, मला कोणी विचारलं का? नाही. म्हणून माझं मीच सांगते.

माझा जन्म चिरेबोनचा. ज्या म्हाताऱ्याने मला विणलं त्याला त्या दिवशी सर्दी होती. दर शिंकेला हात हलायचा, म्हणून माझी पाठ जराशी डावीकडे झुकली. दुकानात माझ्या बहिणी पटापट खपल्या आणि मी कोपऱ्यात धूळ खात राहिले. मग एक दिवस एंगकुस आला. खांद्यापर्यंत केस, काखेत गिटार, चपलेला तार बांधलेली. तो बसला, मी कुईई केलं, दुकानदार लाजला. एंगकुस मात्र खूश!

"ही तर बोलते की!" तो म्हणाला. "हीच द्या."

आता मला सांगा, आपला मूळ दोषच कोणाला आवडला तर आपण त्याला जन्मात सोडू का?

एंगकुसची गाणी रेडिओवर कधी लागली नाहीत, मोठ्या कंपनीने कधी काढली नाहीत. तो खोलीत गाणार, त्याचा दोस्त उजो कॅसेटवर उतरवणार आणि आपल्या टीशर्टच्या दुकानात टांगून विकणार. पण त्या काळात फाटकी पँट घालून फिरलेल्या कोणालाही विचारा, कांग एंगकुस म्हटलं की अजून छातीवर हात ठेवतो. सगळे त्याला आदराने कांगच म्हणतात, म्हणजे दादा; त्याची बायको इमाससुद्धा, इथली रीतच तशी.

फक्त एक माणूस कधी वळला नाही. पाक गुमिलार, म्हणजे गुमिलारसाहेब. मोठे समीक्षक, मान तिरकी, चष्मा दोरीला. पहिल्या अल्बमवर त्यांनी लिहिलं होतं, "याच्यापेक्षा माझ्या शेजाऱ्याचा नळ सुरात गळतो." झालं! वर्षं लोटली, एंगकुसचे केस मागे सरकले, पोट पुढे आलं, पण भजी खाता खाता तो अजून मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "नळ? नळ काय?"

भजी म्हणजे इमासची. दारातच तिची बाला-बालाची, म्हणजे भाज्यांच्या भज्यांची, गाडी आहे. खरं सांगायचं तर घर त्या गाडीवर चालतं, गिटार नुसती भिंतीला शोभा. इमास सकाळपासून उभी असते. मी या घरात आल्यापासून ती माझ्यावर एकदाही टेकली नव्हती. बसायला फुरसत कोणाला?

गेल्या वर्षी एंगकुसने नवा अल्बम करायला घेतला. खिडकीला गादी लावली, दाराला सतरंजी लावली आणि बसला माझ्यावर. तिसऱ्या गाण्याला मी जरा जास्तच रंगात आले. उजोने कानावरचं यंत्र काढलं.

"कांग, खुर्ची ऐकू येतेय. परत घेऊ या?"

"परत बिरत काही नाही. आपण धुतलेला आवाज कधी विकलाय का? खोली आहे, खोलीत खुर्ची असणारच. राहू दे!"

ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. एकदा वाजवलं ते वाजवलं. शिंक आली तर शिंकही अल्बममध्ये.

ते तिसरं गाणं इमाससाठी होतं हे फक्त मला ठाऊक. तरुण असता तर चंद्र बिंद्र घातला असता त्याने. आता काय घातलंय? गॅस! म्हातारा नवरा अंथरुणातून बायकोला विचारतो, गॅस बंद केलास का? आणि मग स्वतःच म्हणतो, "तू झोप, मी बघून येतो." एवढंच गाणं. पण ही ओळ गाताना त्याचा आवाज असा चिरला की माझा वेतही गलबलला. मी हलले ती त्यामुळेच.

अल्बम आला आणि काय सांगू, लोक वेडे झाले! जकार्ताच्या एकाने लिहिलं की तिसऱ्या गाण्यातलं वाद्य जपानी असावं. दुसरा म्हणाला, छे, ही तर समुद्रातल्या देवमाशाची हाक. आणि पाक गुमिलार? त्यांनी अख्खा लेख लिहिला. "गाणी नेहमीचीच," असं एका ओळीत उरकलं आणि उरलेलं पानभर माझं कौतुक. "मानवी एकाकीपणाचा इतका निखळ स्वर या शहराने ऐकला नव्हता!"

मी? मी फुगले. का नाही फुगणार? जन्मभर लोकांनी बूड टेकवलं, कौतुक कोणी केलं होतं? उशी ठेवली तरी मला राग यायला लागला.

एंगकुस मात्र लेख हातात धरून भिंतीकडे बघत बसला. इमास झाऱ्यासकट आत आली.

"काय झालं? परत नळ का?"

"नळ परवडला गं! निदान माझ्याबद्दल तरी होतं. यांना सगळं खुर्चीचं आवडलंय. त्या गाण्यात शब्द आहेत, इमास! शब्द कोणी ऐकले का?"

"मी तरी कुठे ऐकलेत? माझ्या कानात दिवसभर तेल तडतडतं," ती सहज म्हणाली आणि भजी करपतील म्हणून पळाली.

तो माझ्यावरच लेखाची घडी घालत बसला. पण मी त्याचं वजन ओळखते. त्या क्षणी तो एकदम जड झाला. जगाने ऐकलं नाही ते एक वेळ ठीक, जिच्यासाठी केलं तिनेही ऐकलेलं नाही!

मग जुन्या सिनेमागृहात कार्यक्रम ठरला. उजो नाचतच आला. "तिकिटं संपली कांग! पाक गुमिलार पहिल्या रांगेत. फक्त एक, खुर्ची आणायचीच. लोक तिच्यासाठीच येतायत." एंगकुसने कपाळाला हात लावला, पण हो म्हणाला. गाणं ऐकवायचं तर माणसं तरी हवीत ना.

आता आमच्या गल्लीची तऱ्हा ऐका. कोणाकडे कार्य निघालं की इथे आमंत्रण लागत नाही. कोणी झाडू घेऊन येतं, कोणी कुंचला, आणि काम झालं की केळीच्या पानावर एकत्र भात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एंगकुस बाहेर गेला आणि इकडे मांग ओयो हातोडी घेऊन हजर. मांग म्हणजे आमच्याकडे काका, आणि हे गल्लीतल्या सगळ्यांचेच काका.

"ही मोडकी खुर्ची चार लोकांत जाणार? गल्लीची अब्रू जाईल! धरा रे हिला!"

अहो, मी किती ओरडले! मी ओरडले की ते म्हणायचे, "इथे पण वाजतेय, ठोक अजून." खिळे मारले, सांध्यांत तेल सोडलं, नवा वेत आवळला, वर वार्निश. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी गत. एंगकुस परतला तेव्हा अख्खी गल्ली हात पुसत, हसत उभी.

तो बसला. पुढे झुकला, मागे रेलला. चूं नाही.

"कशी वाटतेय?" मांग ओयोंनी विचारलं.

"फार... फार उपकार झाले, मांग," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्लीला वाटलं, आनंदाचं.

कार्यक्रमाला सिनेमागृह खच्चून भरलं. इमासने गाडी बाहेर फाटकाशी लावली होती. दोन गाणी लोकांनी कशीबशी सोसली. तिसरं सुरू झालं आणि सगळे पुढे सरकले. पाक गुमिलारांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. एंगकुस घामाने चिंब. गाता गाता झुलत होता बिचारा, माझ्यातून काही निघतंय का बघत.

आता तुम्हाला एक आतली गोष्ट सांगते. मागचा डावा पाय मांग ओयोंच्या नजरेतून सुटला होता. मनात आणलं असतं तर मी त्या पायावर अशी किंकाळी फोडली असती की छप्पर उडालं असतं. हजार माणसं माझी वाट बघत होती. मला किती मोह झाला म्हणून सांगू!

पण तेवढ्यात मला दिसलं, दाराशी इमास उभी आहे. हातात झारा तसाच, गाडीवरचा गॅस बंद करून आत आलेली. मी श्वास रोखला. पाय घट्ट रोवला. कुईचा क सुद्धा नाही!

सगळं शांत. त्या शांततेत एंगकुसने झुलणं सोडून दिलं आणि नुसतं गायलं, "गॅस बंद केलास का?" आणि मग हळूच, "तू झोप, मी बघून येतो."

"बंद केलाय हो!" मागून आवाज आला. झारा उंचावलेली इमासच! "बंद केलाय! तुम्ही गा, कांग!"

सिनेमागृह हसलं, मग रडलं, मग उठून उभं राहिलं. एंगकुसला पुढचं कडवं गाताच येईना. मग लोकांनीच गायलं. म्हणजे शब्द पाठ होते मेल्यांना!

दुसऱ्या दिवशी पाक गुमिलारांचा लेख आला. "गाणी नेहमीचीच. वाद्य काल आजारी होतं. परंतु प्रेक्षकांतून उमटलेला तो अज्ञात स्त्रीस्वर! मानवी एकाकीपणाचा इतका निखळ..."

एंगकुस वाचता वाचता गडबडा लोळला. इमास म्हणाली, "एकाकी? घरात बसायला जागा नाही आणि म्हणे एकाकी!"

मग ती एकदम थांबली. "अहो, घरातला गॅस बंद केलाय ना मी?"

ती आत वळणार, इतक्यात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. माझ्यावर. "तू बस," तो म्हणाला, "मी बघून येतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर टेकली. पाठ सैल सोडली, चपला काढल्या, डोळे मिटले. मी जराशी वाजले. तेव्हा कोणी रेकॉर्ड करत नव्हतं, म्हणून चाललं.

तर मंडळी, तो अल्बम कधी हाती लागला तर तिसऱ्या गाण्यात मला शोधत बसू नका. शब्द ऐका. आणि आता हळू बोला, बाई झोपल्यात.