पेटी आंधळी असताना

पेटीवर सहा दिवे होते. चार हिरवे, एक लाल, एक विझलेला. स्क्रीनवर तीन प्रमाणपत्रं हवी होती, दोनच होती. तिसरं, पेटी सांभाळणाऱ्या एजन्सीचा तंत्रज्ञ प्रदीप याने, स्वतः पुसलं होतं, दहा वाजून पाच मिनिटांनी.

बोईसरच्या त्या रसायन कारखान्यातून नाल्यात जाणाऱ्या पाण्याचा पीएच ही पेटी दर मिनिटाला सरकारी सर्व्हरला कळवायची. नियमाने पीएच साडेपाच ते नऊ असला तर चालायचा; त्याखाली गेला की पाणी आम्ल. प्रमाणपत्र म्हणजे पेटीचं ओळखपत्र. त्याशिवाय सर्व्हर तिचं ऐकत नसे. मुदत संपत आली होती. आधी नवं चढवायचं, मग जुनं पुसायचं, असं प्रदीप अकरा वर्षं करत आला होता. आज घाईत उलटं झालं. पेटीने नवं नाकारलं. आतला सेल संपून तिचं घड्याळ दोन हजार सालात गेलं होतं. तिच्या लेखी हे प्रमाणपत्र अजून जन्मलंच नव्हतं.

स्टेशनजवळून सेल घेऊन तो परतला, तेव्हा नाला विटकरी झाला होता. त्याच्या वाफेने घसा जळत होता.

"धर्मेशभाई, आम्लाची टाकी नाल्यात सोडली?"

"तुझीच मेहेरबानी." शिफ्ट इनचार्ज धर्मेश हसला. "पेटी बंद, म्हणजे कुणाला कळतंय? पाचपर्यंत पेटी अशीच ठेव. मशीन खराब होती म्हणायचं."

"बंद पडल्याचा ठपका माझ्यावर येल. एजन्सी काढंल मला."

"आणि आकडा गेला तर मी काढीन. तुला गेटवर बंदी, आणि तुझ्या बायकोलाही घरी बसवीन. बघ बाबा."

बायको, दीपा, इथेच पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली. त्याने सगळं सांगितलं.

"मुद्दाम तर नाय ना पुसलं तुमी?"

"नाय गं. चुकलं."

"मंग आता मुद्दाम नका करू." तिने डबा उघडला. "आदी खाऊन घ्या. नंतर भूक लागायची नाय."

दोन घास त्याने कसेबसे गिळले. सेल बदलला, तारीख लावली, प्रमाणपत्र चढवलं. शेवटचं बटण उरलं. मागून धर्मेशने हाक मारली, "ए प्रद्या!" प्रदीपने वळून पाहिलं नाही.

एक वाजून बारा मिनिटांनी पहिला आकडा गेला. पीएच १.९.