ड्रमलारिकचा रविवार

मर्डिनाने आम्हा तिघींना इन्व्हरनेसच्या घरी बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की हिने सगळं आधीच ठरवलंय आणि आम्हाला फक्त माना डोलवायला बोलावलंय. ती पहिल्यापासून तशीच. आम्ही चौघी ऐन विशीत उत्तर स्कॉटलंडातल्या ड्रमलारिक हाऊस हॉटेलात उन्हाळी हंगामाला खोल्या आवरायच्या कामावर होतो, तेव्हा चहाच्या सुट्टीत कोणी कुठे बसायचं हेसुद्धा तीच सांगायची. आता नवरा गेला, त्याचा ट्रकांचा धंदा विकून पैसा हाती आला, आणि हुकूम सोडायला घरात कोणी उरलं नाही. मग आम्ही आहोतच.

निमित्त डोलिनाचं होतं. ती सप्टेंबरात मुलाकडे कॅनडाला निघाली होती, कायमची. आमच्या वयात कायमची म्हणजे काय, हे चौघींनाही कळत होतं आणि एकही बोलत नव्हती. जाण्याआधी एकदा चौघी मिळून राहू, असं मीच फोनवर म्हणाले होते. माझ्या डोक्यात समुद्राकाठचं एखादं साधं भाड्याचं घर होतं. मर्डिनाच्या डोक्यात मात्र ड्रमलारिक.

ड्रमलारिकचं आता रिझॉर्ट झालंय. मर्डिनाने टेबलावर टॅब्लेट उभा करून एकेक फोटो दाखवला. तळ्याकाठी लाकडी घरं, प्रत्येक घराच्या मागे गरम पाण्याचा हौद, स्वयंपाकाला घरी येणारा शेफ, दगड तापवून करायचं मालिश, हातावर ससाणा बसवून फोटो. सगळ्यात महागडं घर जिथे बांधलंय ते अंगण मी लगेच ओळखलं. तिथे आमच्या चादरी वाळत असायच्या.

"म्हणजे आपण त्याच दोऱ्यांखाली झोपायचं," एफी म्हणाली. "फक्त आता पिळून कोणी काढणार नाही."

एफी साउथ युइस्ट बेटाची, कॅथलिक. रविवारी सकाळी प्रार्थनेला आणि संध्याकाळी नाचाला, दोन्हीकडे सारख्याच भक्तीने जायची. डोलिना लुईस बेटाची, रविवारी कुठल्याही कामाला हात न लावणाऱ्या फ्री चर्चच्या कडक घरातली. मर्डिनाही बेटावरचीच, पण इतकी कडक नाही. मी ग्लासगोची, कुठल्याच चर्चची नाही आणि जिभेला हाड नसलेली. अशा चार जणींना मिसेस स्ट्रॅकन नावाच्या हाउसकीपरने एकाच माळ्यावर कोंबलं होतं. उतरतं छप्पर, चार लोखंडी खाटा, ओल्या लोकरीचा आणि खळीचा वास. डायनिंग रूममधून परत आलेला सामन मासा आम्ही मागच्या जिन्यात उभ्याउभ्या खायचो. एवढा चांगला सामन मी नंतर बसून कधी खाल्ला नाही. चादरींच्या घड्या घालताना डोलिना तिच्या गेलिक भाषेतलं स्तोत्र संथपणे म्हणायची, आणि आमचे हात त्या चालीवर हलायचे. माझे अजूनही हलतात. घरी एकटीच घडी घालत असले तरी चाल आठवते.

तर फोटो बघून झाले, मर्डिनाने लोणी लावलेले स्कोन पुढे केले, आणि तारीख सांगितली. सप्टेंबरच्या आत तेवढं एकच बुकिंग शिल्लक होतं. शुक्रवार ते सोमवार.

डोलिनाने कप बशीत ठेवला. किती छान बेत केलास, म्हणाली. ती शुक्रवारी येईल, पण शनिवारी संध्याकाळी डिंगवॉलला भाचीकडे जाईल. आम्ही राहावं, मजा करावी.

मर्डिनाचा चेहरा उतरला. तिने लुईसचा रविवार हिशेबात धरलाच नव्हता. पन्नास वर्षं मुख्य भूमीवर राहून असंच होतं माणसाचं. पण चूक कबूल करेल तर ती मर्डिना कसली. तिने उलट डोलिनालाच झापायला सुरुवात केली.

"अगं, तुला काम करायला कोण सांगतंय? पाहुणी आहेस तू. हाताची घडी घालून बस."

"मी बसेन गं. पण माझी खोली कोण आवरेल?"

"तिथल्या पोरी आहेत की."

"म्हणूनच नको."

एफीने वातावरण हलकं करायला जुनंच काढलं, की लुईसमध्ये शनिवारी रात्री कोंबड्यालासुद्धा टोपलीखाली घालतात, न जाणो रविवारी काही करून बसला तर. डोलिनाही हसली. तितकंही काही नाही म्हणाली. गाईचं दूध काढतो, आजाऱ्याचं बघतो. गरजेचं काम आणि दयेचं काम रविवारी चालतं. तापलेल्या दगडांचं मालिश त्यात बसवायचं तर ओढाताण होईल.

इथवर सगळं ठीक होतं. पण मर्डिनाला ‘नाही’ ऐकायची सवय नाही.

"तेव्हा बरं चालायचं तुला," ती म्हणाली. "तेव्हा तुझ्या खोल्या कोण आवरायचं?"

आमच्यापैकी कोणीही, कधीही हे तोंडाबाहेर काढलं नव्हतं. मला मर्डिनाचा असा राग आला की हातातला स्कोन तिला फेकून मारावासा वाटला. गोष्ट खरी होती. रविवारी काम करणार नाही असं डोलिनाने सांगितलं असतं, तर मिसेस स्ट्रॅकनने तिला पुढच्या बोटीने घरी पाठवलं असतं. म्हणून दर रविवारी ती माळ्यावर बायबल घेऊन बसायची, आणि आम्ही तिघी आपापल्या खोल्यांबरोबर तिच्याही वाटून घ्यायचो. त्यात उपकार कसले? खरं तर रविवारीच जास्त मजा यायची. कोण आधी संपवतं अशी पैज, कॉरिडॉरमधून दबक्या पावलांनी धावणं, आणि स्ट्रॅकनबाईंना पत्ता लागू न दिल्याचा आनंद. माझ्या तरुणपणातलं सगळ्यात लख्ख काय आठवत असेल तर ते रविवार.

डोलिना रागावली नाही. टेबलक्लॉथची सुरकुती बोटाने सारखी करत राहिली.

"बरोबर बोललीस," ती म्हणाली. "हंगाम संपून घरी गेले तेव्हा मी आईला कौतुकाने सांगितलं. एवढ्या मोठ्या हॉटेलात राहून मी एकही रविवार मोडला नाही म्हटलं. कसं जमवलंस, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे तू रविवार मोडलासच, फक्त दुसऱ्यांच्या हातांनी."

मर्डिनाने टेबलावरचा टॅब्लेट आडवा करून ठेवला.

"तेव्हापासून रविवारी मी कोणाला माझ्यासाठी काडी उचलू देत नाही," डोलिना म्हणाली. "तुम्हाला वाटतं हा माझा हट्ट आहे. असेलही."

मी तिच्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं मी ज्याला आमची मजा समजत होते, ते ही बाई ओझं म्हणून वाहत होती, आणि आता ते घेऊनच समुद्रापार जाणार होती. शनिवारी संध्याकाळी तिला भाचीच्या गाडीत बसवून हात हलवायचा, की झालं. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं आणि मी तसं सरळ सांगून टाकलं. मग म्हटलं, त्या दिवशी कोणीच आपल्याकडे काम करायला आलं नाही तर? शेफ नको, मालिश नको, पोरी नकोत. शनिवारीच सूप करून ठेवू, बटाटे सोलून ठेवू, लुईसच्या घरासारखं.

डोलिना मर्डिनाकडे बघू लागली. मर्डिनाने फोन उचलला.

पलीकडचा रिझॉर्टचा मुलगा फार आदबशीर होता. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत आमच्या घराकडे कोणीही फिरकायचं नाही, हे त्याच्या पचनीच पडेना. आपली काही तक्रार आहे का, त्याने विचारलं. तक्रार नाही, रविवार आहे, मर्डिना म्हणाली. निदान नाश्त्याची टोपली दाराशी ठेवू का? टोपलीही नको, ती कोणाला तरी उचलून आणावी लागेल. मग तो जरा चाचरत म्हणाला की यामुळे दरात काही सूट मात्र मिळणार नाही.

"मागितली कोणी?" मर्डिना म्हणाली आणि फोन ठेवला. मी त्या क्षणी तिला सगळं माफ केलं.

ऑगस्टमध्ये गेलो. ससाण्याने एफीची टोपी पळवली. गरम पाण्याच्या हौदात मर्डिनाने आम्हाला जागा नेमून दिल्या. शनिवारी शेफला लवकर घरी पाठवून चौघींनी मसुराचं सूप चढवलं, बटाटे सोलले, फडक्यात बांधून मनुकांचं गोड डंपलिंग उकडलं. खिडकीबाहेर आमच्या जुन्या अंगणाचा घर बांधून उरलेला भाग होता, आता तिथे नुसती हिरवळ. आम्ही बोटं दाखवून दोऱ्या कुठून कुठे होत्या यावर भांडलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

रविवारी सकाळी डोलिना बायबल घेऊन खिडकीपाशी बसली, तशीच, माळ्यावर बसायची तशी. आम्ही तिघी तळ्याला चक्कर मारून यायला निघालो. वाऱ्याने हैराण होऊन अर्ध्यातूनच परतलो.

खिडकीपाशी ती नव्हती. बायबल मिटून ठेवलेलं, त्यावर चष्मा. आतून ते संथ स्तोत्र ऐकू येत होतं. माझ्या खोलीत डोकावले तर पलंग लावलेला. चादरीचे कोपरे असे घट्ट दुमडलेले की स्ट्रॅकनबाईंनाही खोट काढता आली नसती. एफीचा पलंगही तसाच. मर्डिनाच्या खोलीत डोलिना गुडघ्यांवर बसून शेवटचा कोपरा गादीखाली खोचत होती. बाह्या वर केलेल्या, केस कपाळावर आलेले.

एफी पहिल्यांदाच चेष्टा न करता बोलली.

"डोलिना, आज रविवार आहे."

"माहीत आहे."

"गरजेचं आणि दयेचं काम चालतं म्हणाली होतीस. मग हे कुठलं? दयेचं?"

"दया तुम्ही केलीत, तेव्हा," डोलिना म्हणाली. "ही गरज आहे. माझी."

ती पलंगाला धरून सावकाश उठली आणि उशांचे अभ्रे काढू लागली. मर्डिना सवयीने मदतीला पुढे झाली. मी तिची बाही धरून तिला मागे ओढलं. मग आम्ही तिघी दारात हाताची घडी घालून उभ्या राहिलो, आणि तिचं सगळं आवरून होईपर्यंत कशालाही हात लावला नाही.