एकमेकांना पिणाऱ्या बॅटऱ्या

बॅटऱ्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मापाच्या आणल्या होत्या. प्रेमापोटी नव्हे, भावाची आपल्यापेक्षा मोठी निघू नये म्हणून. थोरला खाली राहायचा, धाकटा वर, आणि बॅटऱ्या जिन्याखालच्या कपाटात, म्हणजे कुणाच्याच हद्दीत नाही अशा जागी. मेकॅनिकने प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून त्या एकाच इन्व्हर्टरला पॅरलल लावून दिल्या. व्होल्ट बाराच राहतात, पण वीज गेली की दोघी मिळून दुप्पट वेळ ओढतात. दोन्ही घरांचे दिवे-पंखे, थोरल्याचा टीव्ही, धाकट्याचा कॉम्प्युटर आणि आईचं ऑक्सिजनचं मशीन, सगळं त्यावरच. मशीनचं नाव दोघेही आधी घ्यायचे. चारचौघांत तर हमखास.

आईची फुप्फुसं थकली होती. सत्तावीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-रूममध्ये काढली होती. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एका रांगेत जोडलेले. रोज सकाळी प्रत्येकाचं पाणी बघायचं, ॲसिडचा वास गिळायचा, आकडे वहीत लिहायचे. पोरांच्या लेखी मात्र आई 'टेलिफोनमध्ये' होती, म्हणजे दिवसभर हॅलो-हॅलो करत असणार.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण धाकट्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पॅरलल जोडलेल्या बॅटऱ्यांत कमजोर असेल ती भरलेलीतून ओढून घेते, असं त्यात एक गृहस्थ हातवारे करून सांगत होते. दुर्दैवाने ते खरं आहे.

"दादा, तुझी बॅटरी माझी पिते," धाकटा जेवताना म्हणाला.

"माझी? अरे, तो कॉम्प्युटर कोण चालवतं सोळा-सोळा तास? मी बोलत नाही म्हणून."

"आणि तो भिंतीएवढा टीव्ही?"

"अरे, दोघी सारख्याच भरलेल्या आहेत," आई म्हणाली. "त्या कशाला एकमेकींना पितील?"

"आई, तुला त्यातलं नाही कळायचं," दोघे एका सुरात म्हणाले. तेवढ्या एका बाबतीत भावांचं एकमत होतं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वीज गेली. मुलं-सुना कामावर होत्या. एरवी पंखा क्षणभर अडखळून पुन्हा फिरायचा. आज तो थांबला तो थांबलाच, आणि मशीन केविलवाणं कुईकुई करू लागलं. आईने थोरल्याला फोन लावला.

"अरे, मशीन बंद पडलंय."

"घाबरू नकोस. धाकट्याच्या बॅटरीवर चालेल ना ते?"

धाकट्याच्या बॅटरीवर का, हे विचारण्यात तिने दम घालवला नाही. तिने धाकट्याला फोन लावला.

"असं कसं? दादाची आहे की!" तो म्हणाला, आणि घाईने फोन ठेवून दिला.

आई भिंत धरून निघाली. खोलीपासून जिना बारा पावलं, त्यात ती तीनदा थांबली. कपाटात दोन बॅटऱ्या, प्रत्येकीवर आपापलं झाकण. भावाचं झाकण उघडून बघणं म्हणजे संशय घेणं झालं असतं, आणि हे पडले सख्खे भाऊ. तिने दोन्ही झाकणं काढली. थोरल्याने मायनसची वायर सोडवून तिचं टोक जुन्या मोज्यात घातलं होतं. धाकट्याने स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी वापरली होती, वर रबरबँड. भाऊ ओढतोय तोवर आपली भरलेली राहू दे, असा दोघांचाही हिशेब. पाना एकच होता, खालच्या फळीवर. दोघांनी तोच वापरून जागच्या जागी ठेवला होता, तेवढं वळण तिने लावलंच होतं.

तिला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. वाढवलं तर तिनेच होतं ना यांना! छाती भात्यासारखी चालत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण हात सत्तावीस वर्षांच्या सवयीचे. मोजा काढला, वायर बसवली, नट आवळला. आत मशीन घुमू लागलं. खोलीत परत जाऊन नळी नाकाला लावेपर्यंत तिला पाच वेळा थांबावं लागलं.

वीज आल्यावर तिने मेकॅनिकला बोलावलं. तो "मावशी, आधी बसा" म्हणत होता, ती उभी राहून सांगत होती. संध्याकाळी मुलं घरी आली तेव्हा काम उरकलं होतं.

"पॅरलल मोडून सीरिज केलंय," आई म्हणाली. "एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. इन्व्हर्टर चोवीस व्होल्टचा आणलाय. आता एकाने वायर काढली की दोन्ही घरं अंधारात. चोरून काढायची सोय नाही. हवं तर काढून बघा."

थोरला चपापला. "पण आई, तुझं मशीन? ह्याने काढली तर तुझ्या जिवाशी खेळ!"

"मी? आधी तू काढलीस!"

"मशीन त्यावर नाही," आई म्हणाली. "माझी मी वेगळी बॅटरी घेतली. खाटेखाली आहे. जुना इन्व्हर्टर तिला लावलाय, वायरी मी जोडल्यात. तुमच्या दोघांवर आता माझं काही चालत नाही."

पोरांचे चेहरे पडतील असं तिला वाटलं होतं. तिला तसं हवंही होतं. पण दोघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी, अगदी सारख्या मापाची, सुटका उमटली. थोरला घाईघाईने म्हणाला, "कशाला गं एवढा त्रास घेतलास?" धाकटा म्हणाला, "आम्ही होतो की." पण आई समोरच बसली होती, आणि तिने ती सुटका पाहिली होती.