दुसऱ्या पालकाची सही

'धर्म' या शब्दापुढच्या चौकटीत 'कॅथलिक' असं छापलेलं होतं. शुभदाने त्यावर एक बारीक रेघ मारली, वर नीट अक्षरांत 'हिंदू' लिहिलं आणि पान उलटलं.

टेबलापलीकडे बसलेल्या मिसेस केलींनी मान वाकडी करून ते पाहिलं. शाळेच्या प्रवेशांचं सगळं काम त्या एकट्या सांभाळत.

"तुमची माहिती पुढच्या पानावर आहे," त्या म्हणाल्या. "ही चौकट मुलाची."

"मुलाचंच लिहिलंय. फॉर्म माझ्या नवऱ्याने ऑनलाइन भरला होता, तेव्हा काहीतरी चुकीचं टिक झालं असेल."

मिसेस केली हसल्या. अशा चुका पालकांकडून रोज होत असाव्यात, तसं ते हसू होतं. त्यांनी फाइल उघडली, दोन कागद बाजूला केले आणि तिसरा शुभदाकडे फिरवून ठेवला.

"नाही, नाही. बाप्तिस्म्याचा दाखला इथे आहे. मी आज फक्त मूळ प्रत मागणार होते."

निनाद देवधर. तारीख अठरा मे, रविवार. वडील यतीन, आई शुभदा. गॉडमदर प्रिसिला तुस्कानो. खाली पॅरिश प्रीस्टची सही आणि जांभळा शिक्का.

शुभदाने कागद हातात घेतला नाही. टेबलावर होता तिथेच तिने तो वाचला, आणि आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं. स्पेलिंग बरोबर होतं.

आज ती इथे यायचीच नव्हती. मुलाखत पुढच्या आठवड्यात होती आणि यतीन निनादला घेऊन जाणार होता. शाळा शोधण्यापासून फॉर्म भरण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं होतं. पण सकाळी अकराला शाळेचा फोन तिच्या मोबाइलवर आला. कुणीतरी रद्द केलं होतं, साडेतीनची वेळ रिकामी होती. यतीन ऑफिसच्या कामासाठी कॅनबेराच्या विमानात बसला होता. तिने लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेतली, निनादला त्याच्या प्राथमिक शाळेतून उचललं आणि ट्रुगानिनाच्या उपनगरातून पाऊण तास गाडी चालवत इथवर आली. वाटेत तिने यतीनला मेसेजही टाकला होता. सरप्राइज म्हणून.

"आम्ही आधी कॅथलिक मुलांना जागा देतो," मिसेस केली सांगत होत्या. "मग ज्यांचे भाऊ इथे शिकतात त्यांना. उरल्या तर बाकीच्यांना, पण या वर्षी उरणार नाहीत. फादरांनी निनादबद्दल फार छान पत्र दिलंय. मला वाटतं, तुम्ही निश्चिंत राहा." मग त्या थांबल्या. "मिसेस देवधर, पाणी देऊ का?"

"नको." शुभदाने पेनला टोपण लावलं. "माझ्या लक्षातून गेलं."

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला ते ऐकू आले. पोटच्या मुलाचा बाप्तिस्मा तिच्या लक्षातून गेला होता.

 रेघ मारलेलं पान मिसेस केलींनी काढून घेतलं आणि नवा कोरा फॉर्म पाकिटात घालून दिला. "सही दोन्ही पालकांची लागते. शुक्रवारपर्यंत चालेल. नो वरीज."

निनाद बाहेर व्हरांड्यात उभा होता. नववीतल्या एका मुलाने त्याला शाळा फिरवून दाखवली होती. गाडीत बसल्यापासून तो बोलत होता. थ्रीडी प्रिंटर एक नाही, तीन होते. क्रिकेटच्या नेट्सना वर छप्पर होतं. टाय रोज बांधावा लागतो, पण दहावीपर्यंत क्लिपवाला चालतो, असं त्या मुलाने सांगितलं होतं.

"आई, are you listening?"

"ऐकतेय."

त्याला आत्ता काही विचारायचं नाही, एवढं तिने ठरवलं. त्याला किती माहीत आहे, हेच तिला माहीत नव्हतं. वेस्ट गेट पूल ओलांडताना तिने हिशेब केला. गेल्या ऑगस्टपासून तिला शनिवारची शिफ्ट लागली होती. तेव्हापासून निनाद शनिवारी सकाळी प्रिसिलाच्या मुलाबरोबर, मिंगेलबरोबर, बास्केटबॉलला जात होता. म्हणजे, तसं तिला सांगितलेलं होतं. त्याच्यासाठी घेतलेला बॉल अजून गराजमध्ये होता, नवाकोरा. मुलगा दर आठवड्याला खेळायला जातो आणि बॉल नवाच राहतो, हे तिच्या नजरेला पडलं होतं. पण तेव्हा तिला वाटलं होतं, तिथे क्लबचे बॉल असतील.

निनादला पोहण्याच्या क्लासला सोडून ती प्रिसिलाकडे गेली. दोघींची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. प्रिसिला वसईची. आठ वर्षांपूर्वी ही वसाहत नुसती खुंट्या ठोकलेली माती होती, तेव्हापासूनची ओळख. निनादला कांजिण्या आल्या तेव्हा प्रिसिला चार दिवस रजा घेऊन त्याच्याजवळ बसली होती. अलीकडे मात्र ती तुटक वागायची. मेसेजला उत्तर यायचं ते अंगठ्याचं.

ती मिंगेलच्या शर्टांना इस्त्री करत होती. शुभदाला पाहून तिने इस्त्री उभी ठेवली, पण बस म्हणाली नाही.

"अठरा मेला तू माझ्या मुलाची गॉडमदर झालीस," शुभदा म्हणाली.

"झाले." प्रिसिलाने शर्टाची बाही सरळ केली. "ऑगस्ट संपत आला. आज बोलावंसं वाटलं तुला?"

"मला आज कळलं."

"काय कळलं?"

"हेच. दीड तासापूर्वी. शाळेतल्या बाईंनी कागद दाखवला."

प्रिसिला तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हात लांब करून इस्त्रीचा प्लग काढला.

"यतीन म्हणाला, तुझी हरकत नाही," ती सावकाश बोलू लागली. "पण पुण्यात तुझ्या आईवडिलांना कळलं तर त्यांना सहन व्हायचं नाही, म्हणून तू पुढे येणार नाहीस. तिच्यासमोर विषय काढू नका, ती रडते, म्हणाला. फादरांनाही त्याने हेच सांगितलं. फादर म्हणाले होते, मी एकदा आईशी बोलतो. तर हा म्हणाला, प्लीज, तिला आणखी त्रास नको."

"आणि तू मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." प्रिसिला खुर्चीवर बसली. "मला राग आला होता तुझा. इतके शनिवार मी त्या पोराला चर्चच्या क्लासला नेलं, आणलं. त्याने सगळं पाठ केलं, मिंगेलपेक्षा नीट. म्हटलं, भीती असेल तर असू दे, पण त्या दिवशी मागच्या बाकावर तरी येऊन बसेल. केक मी केला होता, शुभदा. तुझ्यासाठी तुकडा पाठवला. तू एक शब्द बोलली नाहीस."

शुभदाला तो केक आठवला. पांढरा, वर बदामाचा लेप असलेला. रविवारची शिफ्ट संपवून ती तीन वाजता घरी आली होती आणि ओट्याशी उभ्या उभ्याच तिने तो चहाबरोबर खाल्ला होता. मिंगेलकडचा आहे, एवढंच यतीन म्हणाला होता. छान झालाय, असं तीही म्हणाली होती.

"मी देवासमोर उभं राहून शब्द दिलाय," प्रिसिला म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "माझ्यासाठी तो शाळेचा फॉर्म नव्हता गं."

"माहीत आहे मला."

 मग प्रिसिला उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि चहा टाकायचा की नाही हे न ठरल्यासारखी तिथेच उभी राहिली.

यतीनचा फोन आला तेव्हा शुभदा तरणतलावाच्या काचेबाहेर बाकावर बसली होती. आत निनाद पाठीवर पोहत होता, छताकडे डोळे लावून. यतीनने तिचा मेसेज पाहिला होता, हे त्याच्या पहिल्या श्वासातच कळलं.

"झाला इंटरव्ह्यू?"

"झाला. दाखल्याची मूळ प्रत हवीय त्यांना."

पलीकडे ऑफिसातला गलका ऐकू येत होता. मग एक दार लागल्याचा आवाज आला.

"अगं, मी सांगणारच होतो. ऑफर हातात आली की."

"हो का?"

"शुभदा, शांतपणे ऐक. आपल्या झोनमधल्या सरकारी शाळेत दोन हजार मुलं आहेत. आत्ताच्या एवढ्याशा शाळेत पोरं त्याचा डबा कचऱ्यात टाकत होते, विसरलीस? तो वर्षभर कुणाशी बोलत नव्हता. मला दुसरा रस्ता दिसला नाही."

"विसरले नाही. तो डबा मीच भरत होते."

"मग? एक कागद आहे गं शेवटी. डोक्यावर थोडं पाणी घातलं. त्याने काय बदललं? घरी गणपती बसतोच आहे ना आपल्याकडे?"

"प्रिसिलाला सांग हे. थोडं पाणी म्हणून."

पलीकडे त्याने घसा खाकरला.

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग झालं तर," यतीन म्हणाला. त्याला ते खरोखरच पुरेसं उत्तर वाटत होतं. त्याच्या आवाजात सुटका होती. "उद्या रात्री येतोच आहे मी. बसून बोलू. तोवर सही करून ठेव फक्त, शुक्रवार लांब नाहीये. आणि निनादला यात आणू नकोस, प्लीज."

तिने फोन बंद केला. बारा वर्षांत तिने या माणसाच्या पासवर्डपासून त्याच्या आईच्या औषधांपर्यंत सगळं पाठ केलं होतं. काचेपलीकडे निनाद कडेला पोहोचला, पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवून तिला शोधू लागला. ती दिसल्यावर त्याने हात हलवला. तिनेही हलवला.

घरी आल्यावर तिने वरणभाताचा कुकर लावला. शाळेचं पाकीट फ्रिजवर ठेवलं होतं. निनाद ओले केस टॉवेलने पुसत टेबलाशी आला आणि त्याने ते पाकीट पाहिलं. मग ताटाकडे बघत जेवू लागला. दोन घास झाले तरी तो प्रिंटरबद्दल बोलला नाही, टायबद्दल बोलला नाही.

"Did she show you?" त्याने विचारलं.

"काय?"

"चर्चचं."

"दाखवलं."

त्याने भातात तूप कालवलं, पुन्हा कालवलं. "तू चिडलीयस का माझ्यावर?"

"नाही रे. तुझ्यावर कशाला?"

"Because we never talk about it. डॅड म्हणाला, आईला बरं नाही वाटत त्याबद्दल, so don't bring it up. म्हणून मी नाही बोललो." तो अडखळला. "पण मला वाटलं होतं तू येशील. शिफ्ट swap करून. एकदा केली होतीस ना, माझ्या असेम्ब्लीला?"

शुभदाने डाव हातातून खाली ठेवला.

"फादर म्हणाले, आईसाठी थांबायचं का? सगळे माझ्याकडे बघत होते. So I said you're parking the car." त्याने खांदे उडवले. "मग ते थांबले. पाच मिनिटं. Maybe more. लोक मागे वळून बघत होते. Then they had to start."

कुकरची वाफ केव्हाच बसली होती.  तिच्यापुढे दोन उत्तरं होती. एक दिलं असतं तर मुलाला त्याचे वडील आहेत तसेच राहिले असते, आणि आई न आलेली. अठरा मेला ती किती वाजता उठली, कुठल्या बेंचवर बसून कुणाच्या रक्ताच्या ट्यूब मशिनला लावत होती, हे तिला आता लख्ख आठवत होतं. मुलगा दाराकडे बघत असताना ती दुसऱ्यांच्या ट्यूबवर नावं चिकटवत होती.

"निनाद," ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं नव्हतं."

"वेळ सांगितली नव्हती?"

"काहीच. मला आज कळलं."

तो हसायला गेला, पण मधेच थांबला. चमचा त्याने ताटाच्या कडेला नीट टेकवून ठेवला. त्याच्या कपाळावर चष्म्याचा गोल वळ अजून होता. त्याखाली भुवया हळूहळू जवळ आल्या. अवघड गणित घालताना यायच्या, तशाच.

"But Dad was right there," तो म्हणाला. "मी पार्किंगचं म्हटलं तेव्हा. He was standing next to me."

शुभदाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"तो म्हणाला, yeah, she won't be long." निनादने तिच्याकडे पाहिलं. "आणि मग तो पण दाराकडे बघत होता, आई. माझ्याबरोबर. The whole time."