लार्टरला उसनी दिलेली सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. घंटी मुकी झाली, मागचा ब्रेक नावालाच उरला आणि सीटचं चामडं इतकं तडकलंय की त्यावर बसायला उंदीरसुद्धा राजी होत नाही. पण इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या आमच्या थेलनम गावात मला ओळखत नाही असं एक पोर सापडायचं नाही. का, ते सांगते. मध्येमध्ये कुरकुरीन, तेवढं सोसून घ्या.

नॉटिंगहॅमच्या एका कारखान्यात मी जन्मले. काळा कुळकुळीत रंग, उंच हँडल, चेनवर झाकण. आर्थर गॅदरकोल नावाच्या पोस्टमननं मला आपल्या बायकोसाठी घेतलं आणि सीटखाली खिळ्यानं तिचं नाव कोरलं: आयव्ही गॅदरकोल. आर्थर लवकर गेला. मग आयव्हीबाई लोकांचे कपडे धुऊ लागल्या आणि मी गठ्ठे वाहू लागले. दर शनिवारी तेल, दर रविवारी फडकं. ‘हीच माझे पाय,’ असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचे स्वतःचे गुडघे केव्हाच रुसून बसले होते.

पुढे जर्मनांशी लढाई आली. शत्रूला वाट सापडू नये म्हणून रस्त्यांवरच्या पाट्या काढल्या. अंधारात दिसावी म्हणून माझ्या मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा फासला, तो मला मुळीच आवडला नाही. आणि आमच्या बीटच्या शेतांवर सिमेंट ओतून अमेरिकनांनी विमानतळ केला. रोज सकाळी बायका दारात उभ्या राहून जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणारी विमानं मोजायच्या, दुपारी येणारी मोजायच्या. आकडा जुळला नाही की त्या दिवशी चहा कुणाच्या घशाखाली उतरायचा नाही.

विमानतळावरची पोरं आयव्हीबाईंकडे कपडे टाकायची. साबण त्यांचाच, वर एखादा पीचच्या फोडींचा डबा. त्यांतलाच एक एलवुड लार्टर. वीस वर्षांचा, विमानाच्या शेपटीत बसून बंदूक चालवणारा. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्येही एक थेलनम आहे आणि आपण तिथले, असं त्यानं सांगितलं. आमच्या चर्चच्या आवारात लार्टर आडनाव कोरलेले थडग्यांचे चार दगड सापडले तेव्हा पठ्ठ्या तासभर ओल्या गवतात बसून राहिला. त्याचे पूर्वज इथूनच तीनशे वर्षांपूर्वी बोटीत बसले होते.

हे ऐकून शेजारच्या हर्बर्ट मेसला ऊतच आला. हर्बर्ट घोडागाडीनं घरोघर दूध घालायचा आणि त्याची जीभ चाबकापेक्षा तिखट. मेसांच्या घरात बाप पोराला सांगत आलेली एक गोष्ट होती: एका लार्टरनं त्यांची करवत एका दिवसापुरती उसनी नेली, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर गडी अमेरिकेच्या वाटेवर! करवतीसकट. खरं-खोटं देव जाणे, पण हर्बर्टला ती करवत काल गेल्यासारखी झोंबायची. “या लार्टरांना उसनं देऊ नकोस गं आयव्ही,” तो एलवुडच्या तोंडावर म्हणायचा. एलवुड हसून लाल व्हायचा.

पण आयव्हीबाईंनी दिलंच. विमानतळ दोन मैलांवर, पोरगा पायी येणारा. कपडे न्यायला ही सायकल घेऊन जा, म्हणाल्या. अहो, काय सांगू त्या पहिल्या फेरीचं! अमेरिकेत म्हणे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. हा उजवीकडून सुसाट सुटला आणि वळणावर समोर हर्बर्टची गाडी. आम्ही दोघं नाल्यात, वर इस्त्री केलेले सहा शर्ट. “डावीकडून, गाढवा, डावीकडून!” हर्बर्ट ओरडला. आयव्हीबाईंनी शर्ट पुन्हा धुतले. पुढे महिनाभर हेच. पोराला विमानातून नेम धरता येई, पण रस्त्याची बाजू काही लक्षात राहीना.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी त्यानं मला नेलं. “गुरुवारी नक्की आणून देतो, बाई,” असं सांगून गेला. गुरुवारी सकाळी एकवीस विमानं उडाली. दुपारी आयव्हीबाईंनी अठरा मोजली. मग पुन्हा मोजली.

विमानतळावर एक रीत होती. परत न आलेल्याची सायकल नव्यानं आलेल्याला द्यायची. मलाही कुणीतरी न्यायला आलं, पण एका सार्जंटला सीटखालचं नाव दिसलं. चौथ्या दिवशी तो मला घेऊन फाटकाशी आला आणि टोपी काढून उभा राहिला. त्याला काय म्हणायचंय ते त्या टोपीवरूनच कळत होतं.

आयव्हीबाई फाटकाच्या आतच थांबल्या. “मी सायकल तुला दिली नव्हती, बाळा,” त्या म्हणाल्या. “ज्याला दिली, तोच आणून देईल.”

सार्जंट बिचाऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. शेवटी त्यानं मला बाहेर कुंपणाला टेकवलं आणि गेला. आयव्हीबाईंनी मला हात लावला नाही. मला कळत होतं हो, का लावला नाही ते. मला आत घेतलं असतं तर तो गेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

तो हिवाळा मी विसरणार नाही, मित्रांनो. शनिवारचं तेल बंद, रविवारचं फडकं बंद. चेन गंजली, टायर बसले, टोपलीत बर्फ साचला. मला रागही आला. ज्या बाईनं मला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तीच माझ्यासमोरून पाठीवर गठ्ठे घेऊन लंगडत जायची, पण माझ्याकडे मान वळवायची नाही. बायका समजावून थकल्या. “आयव्ही, गंज चढलाय तिला,” हर्बर्टही म्हणाला. “चढू दे,” एवढंच उत्तर. करवतीचं नाव मात्र त्यानं त्या हिवाळ्यात एकदाही काढलं नाही. जानेवारीत एका सकाळी, कुणी बघत नाही असं पाहून त्यानं माझ्यावर एक जुनं पोतं टाकलं. आयव्हीबाईंनी ते पाहिलं, पण काढलं नाही.

वसंत आला, लढाई संपली. विमानतळावरची पोरं घरी जायला बांधाबांध करू लागली. आता मात्र माझीही आशा सुटली होती.

मेअखेरीस एका सकाळी हर्बर्टची गाडी वळणावर आली आणि घोडी एकदम थबकली. “डावीकडून, गाढवा, डावीकडून!” हर्बर्ट ओरडला, आणि लगेच आयव्हीबाईंना हाका मारू लागला. पोत्याच्या विणीतून मला धड दिसत नव्हतं. पण कोण आलंय ते मला कळलं. या रस्त्यावर उजवीकडून येणारा माणूस एकच होता.

आयव्हीबाई साबणाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. त्या गुडघ्यांनी! कुणाची तरी सायकल नाल्याकाठी टाकून एलवुड उभा होता. निम्मा झाला होता. विमान पडताना त्यानं उडी मारली होती, सहा महिने जर्मनांच्या कैदेत बटाट्याच्या पातळ सारावर काढले होते. तो कैदेत आहे अशी तार त्याच्या आईला गेली होती. आयव्हीबाईंना कोण कळवणार? त्या ना आई, ना मावशी.

“गुरुवार म्हणाला होतास,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई. जरा उशीर झाला.”

त्यानं पोतं बाजूला केलं, माझ्या गंजक्या हँडलाला धरलं आणि मला फाटकातून आत नेलं. दहा पावलं होती फक्त. मी इतकी कुरकुरले की रस्त्यापलीकडची कोंबडीही उडाली. तेव्हा कुठे आयव्हीबाई पायरीवर बसल्या आणि एप्रन तोंडाला लावून पोटभर रडल्या. मलाही रडता आलं असतं तर मीही रडले असते, इतकं हलकं वाटलं.

हर्बर्ट गाडीवरून उतरून नाक पुसत होता. “लार्टर येतात म्हणायचे,” तो म्हणाला, “उशिरा येतात, पण येतात.” मग जरा थांबून, “आणि आमची करवत?”

त्या शरद ऋतूत अमेरिकेतून हर्बर्टच्या नावानं एक लांबलचक पार्सल आलं. आत कोरी करवत, आणि चिठ्ठीत एकच ओळ: ‘उशिराबद्दल माफी असावी.’ हर्बर्टनं त्या करवतीनं कधी काडीसुद्धा कापली नाही. खिळ्याला टांगली आणि येईल त्याला दाखवत बसला.

आता ती करवत आणि मी, आम्ही दोघी गावाच्या सभागृहात असतो, ती भिंतीवर, मी तिच्या खाली. कुणीतरी दर शनिवारी मला तेल घालतं. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाची उसनी आणलेली वस्तू पडली असेल, तर आज नेऊन द्या. मोडली असली तरी, फार उशीर झाला असला तरी द्या. कदाचित ती वस्तू त्यांना नकोही असेल, पण फाटकाशी उभं राहून कुणीतरी तुमची वाट बघत असेल.