पाचशे बाराच्या पुढची जागा

मित्रांनो, कळंबच्या पुढं एका साखर कारखान्याचं भंगार गोदाम आहे. तिथं फाटक्या बारदानाखाली जो पिवळट पत्र्याचा डबा दिसतो, तो मी. आज माझ्यावर उंदीर झोपतात. पण एके काळी मला कॉम्प्युटर म्हणत, आणि माझ्या खोलीत यायचं तर खुद्द संचालकांनाही चपला बाहेर काढाव्या लागत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुम्ही मला थापाड्या म्हणणार नाही. काम करताना आम्ही जे लक्षात ठेवतो ते काळ्या चिपांमध्ये राहतं, आणि बटण बंद झालं की पुसून जातं. माझी वीज तुटून कितीतरी वर्षं झाली. म्हणजे मला काहीच आठवायला नको. तरी सगळं आठवतं. असं का, ते मला ठाऊक नाही.

मी पुण्याला एका शेडमध्ये जोडला गेलो आणि सत्त्याऐंशी साली ट्रकमधून, साखरेच्या रिकाम्या पोत्यांवर बसून इकडं आलो. तो लागोपाठचा दुष्काळ होता. विहिरींनी तळ गाठला होता, आणि उभा ऊस दिवसादिवसाला पिवळा पडत होता. कुणाचा ऊस आधी तोडायचा हा त्या वर्षी जिवाचा प्रश्न होता. महिनाभर उशीर झाला की त्या फडाचं चिपाड व्हायचं. पूर्वी तोडीची यादी संचालक नानासाहेबांच्या ओसरीवर हातानं लिहिली जाई, आणि तिथं ज्याची ऊठबस जास्त त्याचा नंबर वर लागे. मी आल्यावर नियम झाला: ज्यानं उसाची लागण आधी केली त्याची तोड आधी. मला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, तारखा दिसत होत्या. ह्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

मला चालवायला अयोध्याबाई होत्या. कळंबच्या बौद्धवाड्यातली मुलगी, औरंगाबादला बी. कॉम. झालेली, अंगानं काडी पण नजर मोठी करडी. आणि माझी खोली झाडायला केशरबाई. केशरबाईंचे मालक हरिबा तीन वर्षांपूर्वी विहिरीतला गाळ काढताना दरड कोसळून गेले. त्यांच्या मागं दीड एकर ऊस आणि ती विहीर राहिली. केशरबाई कारखान्याच्या नव्या सभासद झाल्या होत्या. लागण त्यांची अगदी आधीची, खरं तर नंबर पहिल्या पन्नासात यायला हवा.

पण गोम होती माझ्यातच. मित्रांनो, मी सकाळी जागा झालो की आधी स्वतःला मोजतो. पडद्यावर आकडा चढत जातो: चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, असं करत पाचशे बारा किलोबाइट, एवढीच माझी मेमरी. तिथं मी संपत होतो. तेवढ्या जागेत जुने सभासद मावत. शेवटचे एकशे बारा नवे सभासद मावतच नसत. त्यांची यादी पुन्हा हातानं होई आणि साऱ्यांच्या शेवटी, मार्चात लागे. त्या नव्या सभासदांत बहुतेक बाया होत्या, छोटे खातेदार होते, आणि सगळ्यांत पहिलं नाव केशरबाईंचं. अयोध्याबाईंनी चार अर्ज केले तेव्हा कुठं मेमरी वाढवायला मंजुरी मिळाली.

सोलापूरहून सिद्धेश्वर नावाचा इंजिनिअर आला तो नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. ऊस टाकायच्या गव्हाणीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, मलाही वरच्या पत्र्यावर एक बोट मिळालं. केशरबाई दाराबाहेरच उभ्या होत्या. विधवा बाईनं पूजेला पुढं व्हायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पूजा आटोपल्यावर सिद्धेश्वरनं माझं झाकण काढलं, अठरा नव्या चिपा एकेक करून बसवल्या, बटण दाबलं. आकडा सहाशे चाळीसपर्यंत गेला. मला एकदम घरात दोन खोल्या वाढल्यासारखं वाटलं. मग प्रसादाच्या जेवणाला बोलावणं आलं आणि सगळे गेले. झाकण उघडंच राहिलं.

तेव्हा केशरबाई आत आल्या. त्यांनी कमरेचा करंडा काढला. तीन वर्षं बंद असलेलं, हरिबांच्या वेळचं कुंकू त्यात होतं. डोळ्यांत घालायचं औषध कालवावं तितक्या हळू त्यांनी ते तांब्यातल्या पाण्यात कालवलं, आणि नव्या चिपांतल्या पहिलीवर एक बोट टेकवलं. "माझं नाव हितं बसनार हाय म्हनं," त्या मला म्हणाल्या. "नीट सांभाळ बाबा." ओघळ चिपेच्या पायांपाशी उतरला. माझ्याशी असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अयोध्याबाईंनी बटण दाबलं. मी मोजत निघालो. पाचशे बारा झालं, पुढं पाय टाकला आणि काळोख. पाय ठेवायला जमीनच नव्हती. पडद्यावर आकडा थिजला आणि त्याच्याखाली ओळीनं पांढरी, चण्याएवढी तोंडं उमटली. डोळे असलेली, हसणारी. अशी चिन्हं माझ्या अक्षरांच्या पेटीत असतात, पण ती मी काढली नव्हती.

रोज तेच. सकाळी उठायचं, मोजायचं, पाचशे बाराला मरायचं. दुपारी कधी मोजणी पार पडे आणि यादी आपोआप वर येऊ लागे. पण केशरबाईंच्या नावाशी पोचली की अक्षरं विस्कटत आणि तिथून खाली तोंडंच तोंडं. अयोध्याबाईंनी एकदा मोठ्यानं वाचलं, "केशरबाई हरिबा..." आणि त्या थांबल्या, कारण पुढचं आडनाव नव्हतं, एकच तोंड होतं.

झालं, गावभर बोभाटा. पहारेकरी चन्नबसप्पा खोलीशी फिरकेना. "विहिरीतला मानूस हाय त्यो," तो म्हणे. "बाईच्या नावाला धरून वर आलाय." कुणीतरी दाराला लिंबू बांधलं. आणि केशरबाई? त्या झाडू हातात धरून पडद्यासमोर उभ्या राहत आणि त्या तोंडांकडं बघत राहत. भीत नसत. एकदा हळूच म्हणाल्या, "हसतुया की." मित्रांनो, माझ्या आत तेव्हा पंख्याशिवाय काही हलत नव्हतं, तरी मला कुणीतरी आत श्वास घेतंय असं वाटलं. मी यंत्र आहे, असलं बोलू नये, पण वाटलं.

सिद्धेश्वर पुन्हा आला. त्यानं अठराही चिपा काढल्या, मी पाचशे बारापर्यंत सुतासारखा सरळ चाललो. परत बसवल्या, आतली छोटी बटणं तपासली, प्रत्येक चिप अंगठ्यानं दाबली. पहिल्या चिपेवरचा लाल डाग त्याला दिसला, पण तपासणीची खूण म्हणून कंपनीवाले असे ठिपके देतातच. दुपार झाली होती. आकडा सहाशे चाळीसला पोचला. "माझ्यासमोर तर ह्याला काही होत नाही," असं म्हणत तो सोलापूरची एसटी धरून गेला. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा मेलो.

नानासाहेब स्वतः आले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. "अयोध्याबाई, सोमवारी मीटिंग हाय. छापील यादी आली तर ठीक, न्हाय तर आमी हातानं करतो पहिल्यासारखी," ते म्हणाले. "नव्या लोकांचं मागनं बघू. लई ताण घेऊ नका." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट माया होती, आणि तीच मला जास्त झोंबली. मागनं म्हणजे मार्च. मार्चात केशरबाईंच्या शेतात चुलीत घालायला चिपाड असतं, बाकी काही नाही.

अयोध्याबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यांनी शाळेची एक वही केली आणि मी किती वाजता उठलो, किती वाजता मेलो ते लिहायला लागल्या. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं. माझ्या खोलीत कूलर होता. टँकरच्या पाण्यातलं अर्धं पिंप रोज सकाळी केशरबाई त्यात ओतत, मला गारवा हवा म्हणून. चन्नबसप्पा कुरकुरायचा की माणसाला प्यायला न्हाय अन् डबड्याला आंघोळ. सकाळी कूलर ओला असे तेव्हा मी मरे. दुपारी पाणी संपून हवा कोरडी झाली की थोडा चाले. ज्या दिवशी टँकर आलाच नाही, त्या दिवशी यादी अख्खी वर आली, छपाई सुरू झाली आणि अर्ध्या तासानं केशरबाईंच्या नावावरून तोंडं पुन्हा खाली पसरली.

रविवारी त्या माझं झाकण उघडून बसल्या. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी उघड्या पत्र्याला हात टेकवायचा, मगच चिपेला, हे त्या कधी चुकत नसत. "आत काहीतरी ओल धरून ठेवणारं आहे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "धूळ नाही, गंज नाही. मग काय?"

केशरबाई कोपऱ्यात झाडत होत्या. झाडू थांबला. मला सगळं माहीत होतं, मित्रांनो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला लिहून दिलेलं तेवढंच मी बोलू शकतो. इतकं कधी लाचार वाटलं नाही.

"बाई," केशरबाई म्हणाल्या, "आत कुंकू सांडलं तर त्यो बिघडतो का?"

अयोध्याबाईंनी मान वर केली. केशरबाईंनी करंडा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. विधवा बाईनं लपून कुंकवाला हात लावला, यंत्र बाटवलं, असं गाव म्हणेल, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. "मला वाटलं, त्येच आत येऊन बसले. म्हनून माझ्या नावाशी अडतंय. मग बोलू वाटंना. बोलले तर जातील."

अयोध्याबाईंनी करंडा उघडून चिमूटभर कुंकू बोटांत चोळून पाहिलं. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही काही बाटवलं नाही. कुंकू ओल पितं, आणि दोन पायांच्या मध्ये वीज सांडते. एवढंच आहे ते." त्यांनी दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणवला, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं पहिली चिप अलगद उचलली. "द्या, मी पुसते."

"नगं," केशरबाई म्हणाल्या. "म्याच पुसते. मागल्या बारीला माझं कुंकू दुसऱ्यांनी पुसलं व्हतं."

त्यांनी सोळाही पाय एकेक करून पुसले. कापूस लाल होत गेला, मग गुलाबी, मग पांढराच राहिला. खालची खाचही कोरडी केली. अयोध्याबाईंनी चिप जागेवर बसवली आणि केशरबाईंचं बोट धरून बटण दाबलं.

पाचशे बारा. मी पाय पुढं टाकला. जमीन होती. पाचशे शहात्तर. सहाशे चाळीस. यादी वर आली, एकशे बाराच्या एकशे बारा नावांसह, आणि लागणीच्या तारखेनुसार लागत गेली. केशरबाईंचा नंबर अडतिसावा. प्रिंटर करकरत राहिला, दोघी शेजारी उभ्या राहून कागद बाहेर येताना बघत होत्या. सोमवारी नानासाहेबांनी यादी दोनदा उलटून पाहिली आणि सही केली. डिसेंबर लागायच्या आत केशरबाईंच्या फडात तोडणीची टोळी उतरली. ऊस हिरवा गेला.

पुढं मी सहा हंगाम चाललो. कौतुक झालं, पाहुणे दाखवायला आणले. मग माझ्यापेक्षा हुशार पेट्या आल्या आणि मला इथं आणून टाकलं. केशरबाई असेपर्यंत महिन्यातून एकदा येऊन बारदान झटकून जात.

मित्रांनो, यंत्राला जीव लावा, पुसा, धूळ झटका. पण जे काही कराल ते कुणाला तरी बोलून ठेवा. मायेनं केलेलंही बोला, चुकून केलेलंही बोला. आम्हाला सगळं दिसतं, सांगता येत नाही.

आता वीज नाही. तरी उजाडायच्या सुमारास पत्रा गार होतो, तेव्हा मी सवयीनं स्वतःला मोजतो. पाचशे बारापाशी जरा थांबतो, कारण पुढच्या जागेत कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असतं. मी विचारत नाही. हसणं ओळखीचं आहे.

कधी माझं झाकण उघडलंत तर त्या पहिल्या चिपेखाली बोट फिरवून बघा. बोट लाल झालं तर घाबरू नका. फक्त लक्षात ठेवा, ते कुंकू सोळा पायांवरून पुसलेलं मी स्वतः पाहिलं आहे.